कागदावरचे प्रकाश-सेन्सर आणि कागदाची लुडबुड

कागदावर रंग बदलून काही ओळखणारा सेन्सर बनवायचा म्हटलं की सगळं लक्ष रंगद्रव्याकडे जातं आणि कागद हाताला लागेल तो घेतला जातो. मग एकाच द्रावणाचे दोन दिवशी दोन रंग दिसतात आणि खापर रसायनावर फुटतं. खरं तर अशा उपकरणात प्रकाशाशी सगळ्यात जास्त झटापट करतो तो कागदच. म्हणून इथे रंगाइतकेच शब्द कागदावर खर्च केले आहेत, आणि ते मुद्दाम.

सेल्युलोजचा सुटा धागा जवळजवळ पारदर्शक असतो. त्याचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, धाग्यांमधल्या हवेचा १. प्रकाश दर काही मायक्रोमीटरला धाग्यातून हवेत आणि हवेतून धाग्यात जातो, प्रत्येक सीमेवर थोडा वळतो, थोडा परततो, आणि शेवटी बहुतेक सगळा आला त्याच बाजूने बाहेर पडतो. म्हणून कागद पांढरा. पोकळ्यांत पाणी (१.३३) शिरलं की सीमेवरचा फरक घटतो आणि कागद अर्धपारदर्शक होतो. तेल (१.४७) शिरलं तर आणखीच.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक फायद्याची: प्रकाश कागदात इकडेतिकडे भटकत असल्यामुळे रंगद्रव्यातून अनेकदा जातो, त्यामुळे काचपट्टीवर जेमतेम दिसणारा रंग कागदावर ठळक दिसतो. दुसरी तोट्याची: ओला ठिपका आणि वाळलेला ठिपका ही प्रकाशाच्या दृष्टीने दोन वेगळी उपकरणं आहेत. ओल्या ठिपक्यातून मागचं टेबलही दिसतं. तेव्हा वाचन एकतर नेहमी वाळल्यावर करायचं किंवा नेहमी ओलं असताना, आणि पट्टीच्या मागे दरवेळी तोच जाड पांढरा पुठ्ठा ठेवायचा.

कोणता कागद

प्रिंटरचा ७५-८० ग्रॅमचा कागद रंग बदलणाऱ्या सेन्सरसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात भरण म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यामुळे कागद स्वतःच अल्कधर्मी असतो. आम्लाला संवेदनशील रंग त्यावर टाकला की चाचणीआधीच निळा-हिरवा होऊन बसतो. पाणी पटकन शिरू नये म्हणून त्याला साइझिंग केलेलं असतं, म्हणून थेंब बराच वेळ मण्यासारखा वर बसून राहतो. शिवाय पांढरेपणासाठी घातलेली ऑप्टिकल ब्राइटनर अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. दिवा बदलला की कागदाचा ‘पांढरा’ बदलतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अंधारात अतिनील टॉर्च मारा: निळा लखलखाट म्हणजे ब्राइटनर. व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहा: बारीक बुडबुडे म्हणजे कार्बोनेट. पातळ आयोडीनचा थेंब निळा-काळा झाला तर स्टार्च, म्हणजे साइझिंग.

या तिन्ही चाचण्या पार करणारा सोपा पर्याय म्हणजे प्रयोगशाळेतला साधा सेल्युलोज फिल्टर पेपर. व्हॉटमन १ नंबर हा जणू ठरलेला मानक झाला आहे: जाडी १८० मायक्रोमीटर, वजन दर चौरस मीटरला ८७ ग्रॅम. या दोन आकड्यांवरून एक उपयोगी हिशेब होतो. ८७ ला १८० ने भागलं की कागदाची घनता निघते, दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.४८ ग्रॅम. भरीव सेल्युलोजची घनता १.५ धरा. म्हणजे कागदाचा एक तृतीयांशापेक्षा थोडा कमी भाग धागा आणि ६८ टक्के मोकळी जागा. ६ मिलिमीटर व्यासाच्या चकतीत साधारण ३.५ मायक्रोलीटर द्रव मावतो. त्यावर १० मायक्रोलीटर ओतलं तर उरलेलं कुठेतरी जाणारच: बाजूला पसरेल किंवा खालच्या पृष्ठभागाला चिकटेल. ‘ठिपके एकसारखे येत नाहीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

मेण कधी लागतं, कधी नाही

द्रव नमुना एका ठिपक्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून कागदावर मेणाच्या भिंती घालतात. हार्वर्डमधल्या व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये कागदावरच्या सूक्ष्म वाहिन्यांची कल्पना रुजवली तेव्हा भिंती फोटोरेझिस्टच्या, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या रसायनाच्या, होत्या. मेण नंतर आलं, आणि स्वस्त म्हणून टिकलं. घन मेणाची शाई वापरणारे प्रिंटर या कामाला उत्तम होते, पण त्यांचं उत्पादन थांबलं आहे. हाताने करायचं तर मेणाच्या खडूने दोन्ही बाजूंनी एकाच जागी रेघ काढायची आणि हॉटप्लेटवर ११० ते १२० अंशांना एक-दोन मिनिटं ठेवायचं. मेण वितळून जाडीत उतरतं, पण बाजूलाही पसरतं. म्हणून ६ मिमीचा गोल हवा असेल तर ७ ते ७.५ मिमीचा आखा. जास्त वेळ ठेवलं तर गोल आक्रसतो. कमी ठेवलं तर वरून भिंत दिसते आणि खालून द्रव गळतो. कागद उलटा करून पाहायचा: मागची रेघ पुढच्याइतकीच सलग हवी.

मेणाची भिंत पाणी अडवते, अल्कोहोल किंवा साबण असलेलं द्रावण अडवत नाही. पृष्ठताण कमी झाला की द्रव मेण लागलेल्या धाग्यांवरूनही सरकतो. म्हणून रंगद्रव्य अल्कोहोलमध्ये काढलं असेल तर आधी रंग लावा, वाळवा, मग मेण घाला. ते तापवणं रंगाला सोसतं का, हे मात्र पाहून घ्यावं लागेल.

आणि सेन्सर वायूसाठी असेल तर मेणाची गरजच नाही. उगीच केलेलं काम आहे ते. अख्खा कागद रंगवा, वाळवा आणि पंचिंग मशीनने चकत्या पाडा. कार्यालयातल्या साध्या पंचाचं भोक ६ मिमीच्या आसपासच असतं.

अमोनियाचा सेन्सर, लाल कोबीपासून

लाल कोबीतलं अँथोसायनिन आम्लात लालसर गुलाबी, उदासीन असताना जांभळं, पीएच ८ ला निळं आणि ११ च्या पुढे हिरवं होतं. त्याहून वर पिवळं पडतं, पण तेव्हा रेणूच मोडलेला असतो. तो रंग परत येत नाही.

१०० ग्रॅम कोबी बारीक चिरून २०० मिलीलीटर डिस्टिल्ड पाण्यात ७० ते ८० अंशांवर २० ते ३० मिनिटं ठेवा. उकळी फुटू देऊ नका, रंग तपकिरीकडे झुकतो. नळाचं पाणीही नको. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे अर्क सुरुवातीलाच निळसर होतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, कारण लोखंड आणि अॅल्युमिनियम अँथोसायनिनशी जोडले जातात आणि रंग पीएचशी संबंध नसताना निळा होतो. गाळून घ्या, पसरट भांड्यात ६० अंशांच्या आत आटवून पाव करा. मग त्यात ५ टक्के ग्लिसरीन घाला. हे सजावटीसाठी नाही. अमोनिया वायू आधी पाण्यात विरघळतो, मगच पीएच बदलतो. हाडासारखी कोरडी चकती अमोनियात ठेवली तरी ढिम्म हलत नाही. ग्लिसरीन तेवढी ओल धरून ठेवतं.

आता सायट्रिक आम्ल, आणि सगळी मेख इथेच आहे. अर्क टिकावा आणि चकती सुरुवातीला गुलाबी दिसावी म्हणून लोक सढळ हाताने आम्ल घालतात. पण चकतीतलं आम्ल संपेपर्यंत तिचा रंग पूर्ण बदलत नाही, म्हणजे आम्ल किती घातलं यावर सेन्सरचा उंबरठा ठरतो. हिशेब करू. अर्कात ०.१ टक्का सायट्रिक आम्ल, म्हणजे मिलीलीटरमागे १ मिलिग्रॅम. चकतीत ३.५ मायक्रोलीटर मावतो, म्हणजे ३.५ मायक्रोग्रॅम आम्ल. रेणुभार १९२, आम्लगट तीन. पूर्ण उदासीन करायला सुमारे ०.०५५ मायक्रोमोल अमोनिया लागेल. आम्ल १ टक्का केलं की हाच आकडा ०.५५ होतो. या आकड्याचा अर्थ पुढच्या परिच्छेदात लागेल.

कागद अर्कात एकदाच बुडवा, मिनिटभर ठेवा, निथळू द्या. गडद रंग हवा म्हणून वाळल्यावर पुन्हा बुडवण्यात अर्थ नाही, पहिला थर विरघळून परत भांड्यात येतो. त्याऐवजी अर्क आणखी आटवा. वाळवताना कागद टांगू नका, रंग खाली उतरतो. काचेवर आडवा ठेवला तर जिथे काच चिकटते तिथे डाग पडतात. ताणलेल्या जाळीवर आडवा, सावलीत, संथ वाळवायचा. पाणी कडेने आधी उडतं आणि रंग ओढून कडेला नेतं, म्हणून चारही बाजूंचा सेंटीमीटरभर पट्टा टाकून द्यायचा आणि चकत्या मधल्या भागातूनच पाडायच्या. ठेवायच्या त्या फॉइलमध्ये गुंडाळून, फ्रिजमध्ये. उजेडात अँथोसायनिन फिकं पडतं, आणि फिकेपणा हा सेन्सरचा प्रतिसाद वाटू शकतो.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे किती अमोनियाला किती रंग बदलतो हे ठरवायला, १ लिटरची घट्ट झाकणाची काचेची बरणी पुरे. आत छोट्या काचेच्या वाटीत ०.१ मोलर अमोनिया द्रावणाचा १० मायक्रोलीटरचा थेंब सोडा आणि त्यावर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २० मायक्रोलीटर टाका, म्हणजे अमोनिया पाण्यात न थांबता वायू होऊन बाहेर येईल. चष्मा आणि हातमोजे घालूनच. थेंबात १ मायक्रोमोल अमोनिया आहे. २५ अंशांना एक मोल वायूचं आकारमान २४.५ लिटर, म्हणजे बरणीत फार तर २४ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २४ भाग). प्रत्यक्षात थोडं कमी, कारण अमोनिया काचेलाही चिकटतो. आता वरचा आकडा आठवा: ०.१ टक्का आम्लाची एक चकती या साठ्यातला जेमतेम विसावा भाग खाते, १ टक्क्याची अर्ध्याहून जास्त. दुसऱ्या प्रकारची चकती बरणीतली हवाच बदलून टाकते. ती मोजत नाही, गिळते. त्याच कारणाने एका बरणीत दहा चकत्या एकदम ठेवून वेळ वाचवू नका.

मासळीच्या डब्यात अशी चकती ठेवता येते, कारण मासळी बिघडताना अमोनिया आणि ट्रायमिथाइलअमिन सुटतात. मात्र तिच्यावर विसंबून खायचं की नाही हे ठरवू नये. थंडीत वायू कमी सुटतो, चकती गुलाबीच राहते आणि मासा बिघडलेला असू शकतो.

फोनने रंग वाचताना

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या दिसत नाहीत. फोन जेपीईजीमध्ये जो आकडा देतो तो प्रकाशाच्या प्रमाणात नसतो. डोळ्याला बरं दिसावं म्हणून तो वक्र केलेला असतो. उदाहरण घ्या: हिरव्या चॅनेलमध्ये पांढऱ्या कागदाचा आकडा २३०, ठिपक्याचा १२८. सरळ भागाकार केला तर परावर्तन ०.५६ येतं. आधी वक्र सरळ करा: आकड्याला २५५ ने भागा, ०.०५५ मिळवा, १.०५५ ने भागा आणि २.४ चा घात करा. मग १२८ चे होतात ०.२१६, २३० चे ०.७९, आणि खरं परावर्तन निघतं ०.२७.

रंगद्रव्याचं प्रमाण काढायला कागदासारख्या प्रकाश विखुरणाऱ्या पदार्थावर कुबेल्का-मुंक सूत्र वापरतात: एकातून परावर्तन वजा करा, त्याचा वर्ग घ्या, आणि परावर्तनाच्या दुपटीने भागा. ०.२७ ला उत्तर येतं ०.९७ च्या जवळपास. सरळ भागाकाराच्या ०.५६ ला येतं ०.१८. पाचपटीहून जास्त फरक, एकाच फोटोतून. त्यामुळे ‘आमचा आलेख सरळ येत नाही’ म्हणणाऱ्याला आधी हेच विचारावं.

फोटो काढताना एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. पांढरा कागद २२० ते २३५ च्या दरम्यान आला पाहिजे. २५५ ला टेकला की माहिती गेली, ती कोणत्याही सूत्राने परत येत नाही. कॅमेरा वरून सरळ, दिवा ४५ अंशांतून, आतून काळ्या खोक्यात. स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात, तेव्हा शटर लांबवा. चौकटीत प्रत्येक वेळी त्याच कागदाची न रंगवलेली चकती हवी; वरचा ‘पांढरा’ म्हणजे तीच.

अँथोसायनिनचं लाल रूप हिरवा प्रकाश शोषतं, निळं रूप नारिंगी-लाल. म्हणून हिरव्या आणि लाल चॅनेलच्या कुबेल्का-मुंक किमतींचं गुणोत्तर घ्या. चकतीत रंग थोडा कमी-जास्त पडला असेल तर तो फरक बराचसा कटतो.

रंगद्रव्याशिवाय रंग

आता खऱ्या अर्थाने फोटॉनिक, म्हणजे नुसत्या रचनेने प्रकाश निवडणारा, म्हणावा असा प्रकार. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, म्हणजे एचपीसी, ही खाद्यपदार्थांत चालणारी पांढरी भुकटी. घट्ट जलद्रावणात तिचे रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे थराथराने फिरत रचले जातात, आणि त्या फिरकीचं अंतर दृश्य प्रकाशाच्या मापाचं झालं की एकच रंग परत फेकला जातो. सुमारे १,००,००० रेणुभाराच्या एचपीसीला ६० टक्क्यांजवळ लाल, ६५ ला हिरवा, ७० ला निळा, असं ढोबळमानाने धरा. रेणुभार वेगळा असेल तर पट्टा सरकतो, म्हणून ६२, ६५ आणि ६८ टक्क्यांचे छोटे नमुने आधी करून पाहा.

६.५ ग्रॅम भुकटी, ३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. काचेच्या कांडीने मळा, घट्ट झाकून दोन-तीन दिवस सोडून द्या. सुरुवातीला पांढरट, बुडबुड्यांनी भरलेला गोळा दिसतो. पाणी सगळीकडे सारखं पोचलं की रंग उगवतो. बुडबुडे सेंट्रिफ्यूजमध्ये काढा. पातळ व्हावं म्हणून तापवू नका: ४० ते ४५ अंशांच्या पुढे एचपीसी पाण्यातून वेगळी होते आणि सगळं दुधाळ दिसतं.

खाली कागद हवा तो काळा. ही रचना प्रकाशाच्या दोन वर्तुळाकार ध्रुवणांपैकी एकच परतवते, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा प्रकाश. उरलेला खाली जातो. पांढऱ्या कागदावर तो सगळा परत येतो आणि रंग धुऊन जातो. जाड कागद काजळीच्या शाईने काळा करा आणि मग मेण पाजा. न पाजलेला कागद थरातलं पाणी शोषतो, रंग निळ्याकडे पळतो आणि नाहीसा होतो. मेण पाजलेल्या पुठ्ठ्याची अर्धा मिलिमीटर जाडीची चौकट, त्यात एचपीसी, वर पातळ काच, कडेला वितळलेलं मेण. दाबलं की थर जवळ येतात आणि त्या जागी रंग निळसर होतो. तापमान वाढलं की लालकडे सरकतो. कडेने निळी किनार दिसू लागली तर समजा तिथे सील गळतंय.

काचेऐवजी सेलोफेन लावायचा मोह होतो, कारण तोही सेल्युलोजच. पण लेप नसलेल्या सेलोफेनमधून वाफ आरपार जाते आणि थर वाळून पारदर्शक होतो. याच कारणाने पाण्यावरच्या एचपीसीला आर्द्रतेचा सेन्सर म्हणून विकू नये. साध्या हवेत ती तेवढं पाणी धरूच शकत नाही.

आर्द्रतेसाठी सेल्युलोज नॅनोक्रिस्टलची, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची, वाळलेली फिल्म बरी. हवेतली ओल घेऊन ती फुगते आणि रंग लालकडे जातो. ती करायला मात्र ६४ टक्के सल्फ्युरिक आम्ल ४५ अंशांवर, नंतर धुणं, डायलिसिस आणि सोनिकेशन (ध्वनिलहरींनी कण सुटे करणं) लागतं. ते घरचं काम नाही, तयार द्रावण आणा. १९९२ मध्ये मॅकगिलच्या संशोधकांनी अशा द्रावणांतली सर्पिल रचना दाखवली. फिल्मचा रंग सरकवायचे दोन हुकमी उपाय आहेत: किंचित मीठ घातलं की रंग निळ्याकडे, जास्त सोनिकेशन केलं की लालकडे. फिल्म सरळ फिल्टर पेपरवर ओतू नका, द्रावण धाग्यांत मुरतं आणि रचना जमतच नाही. सपाट बशीत वाळवून मग कागदावर चिकटवा.

रंग रचनेचा आहे की डाईचा, हे थिएटरमधल्या वर्तुळाकार ध्रुवणाच्या थ्रीडी चष्म्याने कळतं. एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. एका काचेतून रंग उठून दिसतो, दुसरीतून जवळजवळ विझतो. एचपीसी उजव्या वळणाची आणि नॅनोक्रिस्टल डाव्या वळणाचे, म्हणून दोन्हींसाठी काचा उलट.

‘पर्यावरणपूरक’ म्हणण्याआधी

कागदावर आहे म्हणून उपकरण हिरवं ठरत नाही. वर पीईटी प्लास्टिकचं लॅमिनेशन केलं, इपॉक्सीने एलईडी चिकटवला आणि बटन सेल लावला की कागद हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात हलका भाग उरतो. पाणी अडवायला फ्लोरिनयुक्त लेप तर नकोच, ती संयुगं निसर्गात मोडतच नाहीत. मेण आणि शेलॅकमध्ये बहुतेक कामं भागतात. शेलॅक अल्कलीत विरघळतो एवढं लक्षात ठेवून तो अमोनियाच्या पट्टीवर लावू नका. दिवा आणि बॅटरी पट्टीवर न ठेवता वाचकाकडे, म्हणजे फोनकडे ठेवणं हा आमच्या मते सगळ्यात मोठा फायदा आहे.

रामन वाचनासाठी, म्हणजे विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून रेणू ओळखण्यासाठी, चांदीचे नॅनोकण लावलेल्या पट्ट्या याच कुटुंबातल्या, आणि त्या उत्तम चालतात. पण चांदीचे आयन पाण्यातल्या जिवांना विषारी असतात. तेव्हा कोबीच्या चकत्या खताच्या खड्ड्यात गेल्या तरी चालतील, चांदीच्या पट्ट्या वेगळ्या बरणीत जमा करा, आणि बरणीवर तसं लिहून ठेवा.